देशोदेशीच्या विद्यार्थ्यांचा मेळावा घेताय? आधी दुसऱ्या भेटीची तारीख ठरवा

विद्यापीठात वेगवेगळ्या देशांतून आलेल्या मुलामुलींना एकत्र आणायचा उपक्रम तुमच्या गळ्यात पडला असेल, तर पहिल्या बैठकीला जाण्याआधी हे वाचा. सभागृह, माईक, परवानगीचं पत्र, पिण्याचं पाणी, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे, त्यावर शब्द घालवत नाही. वहीत सगळ्यात वर लिहा : दुसऱ्या भेटीची तारीख. पहिल्या नव्हे, दुसऱ्या. मागच्या खेपेला हेच राहिलं. मेळावा रंगला, फोटो छान आले आणि पुढच्याच आठवड्यात तीच मुलं कँटीनमध्ये पुन्हा आपापल्या देशाच्या टेबलावर बसलेली दिसली. एकमेकांना हात करत होती, पण कुणी उठून दुसऱ्या टेबलावर जात नव्हतं. भेटायला निमित्तच नव्हतं. म्हणून दुसऱ्या भेटीचा वार, वेळ, खोली आणि त्या दिवशी करायचं काम, या चारही गोष्टी पहिल्या भेटीचं पोस्टर लागायच्या आधी पक्क्या हव्यात.

का, ते नीट सांगते, कारण बैठकीत कुणीतरी म्हणणारच की ते नंतर बघू. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी नव्या गावी राहायला गेलेली माणसं आणि विद्यापीठात नव्याने आलेले विद्यार्थी यांची पाहणी केली. 2018 मध्ये आलेल्या त्या अभ्यासाप्रमाणे नुसत्या ओळखीची जुजबी मैत्री व्हायला साधारण 50 तास सोबत घालवावे लागतात, मित्र म्हणण्याइतकी जवळीक यायला 90 आणि घट्ट मैत्रीला 200 हून जास्त. तुमचा मेळावा चालणार तीन तास. बाकीचे कुठून आणणार? व्याख्यानातून ते मिळत नाहीत, तिथे सगळ्यांची तोंडं फळ्याकडे असतात. ते वर्गाबाहेर, दर आठवड्याला, ठरलेल्या वेळी जमवावे लागतात. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 मध्येच मांडलं होतं की दोन गट नुसते जवळ आणल्याने पूर्वग्रह कमी होत नाहीत. दर्जा बरोबरीचा हवा, ध्येय एक हवं, ते गाठायला एकमेकांची मदत लागायला हवी आणि संस्थेचा पाठिंबा हवा. 1998 मध्ये सामाजिक मानसशास्त्रज्ञ थॉमस पेटिग्र्यू यांनी आणखी एक अट जोडली, मैत्री होण्याला वाव. एका संध्याकाळीत तो वाव नसतो. तारीख ठरवा.

आता काम. आपापल्या देशाचा नाच, पोशाख, झेंडा, हे मंचावर ठेवू नका असं नाही, पण तेवढ्यावर थांबू नका. त्यात एक जण दाखवतो आणि बाकीचे बघतात, बरोबरीचा दर्जा तिथेच जातो. मिळून करायचं काम शोधा. मला सगळ्यात चांगलं वाटतं ते पुढच्या वर्षी येणाऱ्यांसाठी माहितीपुस्तिका तयार करणं. बँकेत खातं कसं उघडायचं, दात दुखला तर कुठे जायचं, ग्रंथालयाचं कार्ड कोण देतं, वसतिगृहाचं दार रात्री बंद झालं तर काय करायचं. या विषयातलं खरं ज्ञान बाहेरून आलेल्यांकडे असतं, कारण अडकले ते. आणि स्थानिक मुलांना पहिल्यांदा कळतं की आपण डोळे मिटून भरतो तो अर्जसुद्धा कुणाला तरी अडवतो. आडनावाचा रकाना घ्या. म्यानमारमध्ये आडनावाची पद्धतच नाही. आइसलंडमध्ये बहुतेकांच्या नावापुढे वडिलांचं किंवा आईचं नाव लागतं, आणि हंगेरी, चीन, कोरियात कुळाचं नाव आधी येतं. एका रकान्यावरून अर्धा तास बोलणं चालतं आणि जग आपल्या अर्जाएवढं नाही हे भाषण न देता समजतं. जागतिक दृष्टी म्हणतात ती मला अशा ठिकाणी येताना दिसते, व्यासपीठावर क्वचितच. हे काम एका बसणीत संपत नाही, म्हणून तर ते निवडायचं. दुसऱ्या भेटीला पुढचं प्रकरण असतंच.

नावाच्या बिल्ल्यावर फक्त नाव लिहा, देश लिहू नका. देश लिहिला की समोरचा त्या देशाच्या राजकारणावर प्रश्न विचारतो आणि बिचाऱ्या मुलाला राजदूत होऊन उत्तर द्यावं लागतं. नाव ज्याचं त्याला लिहू द्या, उच्चार विचारून घ्या, जड वाटला म्हणून तोडूमोडू नका. खुर्च्या रांगेत नकोत, चार-चारांची टेबलं लावा आणि कोण कुठे बसणार हे चिठ्ठ्यांनी ठरवा. ‘बसा कुठेही’ म्हणालात तर काय होतं ते वर सांगितलंय.

तारीख ठरवताना आपली दिनदर्शिका एकटीच जगात आहे असं समजू नका. हिजरी वर्ष साधारण 354 दिवसांचं असतं, त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. मागच्या वर्षीचं टिपण पाहून चालत नाही. चिनी नववर्ष 21 जानेवारी ते 20 फेब्रुवारीच्या दरम्यान कधीही येतं. रशियन ऑर्थोडॉक्स नाताळ 7 जानेवारीला असतो. परीक्षा तर सगळ्यांना माहीत आहेत. कोण काय खात नाही हे आधी विचारा, जेवणाच्या ताटावर नको.

दूरच्या विद्यापीठाशी ऑनलाइन गट जोडणार असाल तर वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, लिहा, पुढे प्रत्येकाची स्थानिक वेळ लिहा. अमेरिकेतली बहुतेक राज्यं मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात, युरोप शेवटच्या रविवारी. मधल्या दोन-तीन आठवड्यांत न्यूयॉर्क आणि पॅरिसमधलं अंतर सहाऐवजी पाच तासांचं असतं आणि निम्मी मंडळी रिकाम्या पडद्यासमोर बसतात. नेपाळ यूटीसीच्या पावणेसहा तास पुढे आहे, पावणे हे विसरू नका. आणि ऑनलाइन भेटीलाही तोच नियम, पडदा बंद करण्याआधी पुढची तारीख सगळ्यांच्या कॅलेंडरमध्ये गेलेली हवी. ‘ग्रुपवर कळवू’ हे शब्द तोंडातून काढू नका. ग्रुपवर कुणी कळवत नाही.

एकमेकांची भाषा शिकायला जोड्या लावायच्या असतील तर अर्धा तास एकाची भाषा, अर्धा तास दुसऱ्याची, मोबाइलवर गजर लावून. गजर नसला की दोघांना बरी येणारी भाषा, बहुधा इंग्रजी, दोन्ही अर्धे तास खाऊन टाकते. अभिरूप संयुक्त राष्ट्र सभा, म्हणजे विद्यार्थी देशांचे प्रतिनिधी होऊन चर्चा करतात ती, घेणार असाल तर कुणालाही स्वतःचा देश देऊ नका. न पटणाऱ्या देशाची बाजू अभ्यास करून मांडणं हाच त्यातला लाभ आहे. बाहेरदेशी एक सत्र शिकून आलेले विद्यार्थी तुमच्याकडे असतील तर त्यांना समितीत घ्या. त्यांनी एकटेपणा भोगलेला असतो, त्यामुळे कोपऱ्यात उभा असलेला मुलगा त्यांना आधी दिसतो. आणि बाहेरून आलेले विद्यार्थीही समितीतच हवेत, पाहुणे म्हणून नकोत.

मेळाव्याच्या दिवशी काय करायचं ते थोडक्यात. एक माणूस फक्त दारापाशी. एक माणूस फक्त दुसऱ्या भेटीच्या नोंदीसाठी, हातात कागद आणि पेन घेऊन, दुसरं कुठलंही काम नाही, माईक बिघडला तरी नाही. लोक उठायला लागल्यावर नव्हे, अर्ध्या वेळेला नोंदी सुरू करा. शेवटी सगळे फोटो काढण्यात गुंततात आणि मग निघून जातात.

नंतरचं : खोली आवरा, चावी द्या, फोटो टाकायच्या आधी ज्याचा त्याला विचारा, खर्चाचा कागद त्याच आठवड्यात लिहा. दुसऱ्या भेटीला आठ जण आले तरी घ्या, रद्द करू नका. संपर्कयादी आणि पुस्तिकेचा कच्चा खर्डा पुढच्या समितीच्या हातात परीक्षा सुरू होण्याआधी पडायला हवा, कारण नंतर अर्धे लोक विमानात असतात.