चुनखडीतले जीवाश्म कसे ओळखायचे

दगड हातात आला की मी आधी तो ओला करते. कोरड्या चुनखडीवर धुरकट राखाडी रंगाखेरीज फारसं दिसत नाही. पाणी पडलं की शिंपल्यांच्या कडा वर येतात. हातोडा लगेच काढू नका. ताज्या फुटीपेक्षा पावसापाण्याने झिजलेली बाजू जास्त बोलते, कारण जीवाश्म अनेकदा भोवतालच्या दगडापेक्षा सावकाश झिजतो आणि उठून दिसतो.

पण ती चुनखडीच आहे ना? सुरीने ओरखडा उठतो, नखाने नाही. त्या भुकटीवर व्हिनेगरचा थेंब टाका, बारीक बुडबुडे येतील. (डोलोमाइट या चुनखडीसारख्याच दगडाची भुकटीही थोडी फसफसते, म्हणून निकाल घाईने देऊ नका.)

मग १० पटीचं भिंग. मधोमध भोक असलेल्या मण्यांसारख्या चकत्या म्हणजे क्रिनॉइडच्या देठाचे तुकडे. मी त्यांना खुशाल वनस्पती समजले होते. निघाला तारामाशाचा नातेवाईक! शिंपला असेल तर एकाच झडपेवर, म्हणजे जोडीतल्या एका कवचावर, मधून उभी रेघ कल्पून बघा. दोन्ही अर्धे सारखे असतील तर बहुधा ब्रॅकिओपॉड (शिंपल्यासारखा दिसणारा, पण वेगळाच समुद्री प्राणी), एका बाजूला कललेले असतील तर बहुधा नेहमीचा शिंपला.

सगळा चुराच दिसतोय? बहुधा लाटांचं काम. अख्खे शिंपले बारीक चिखलात रुतलेले असतील, तर तिथलं पाणी शांत असावं.