छोट्या वेगवान गाडीला रुंद टायर न घासता कसे बसवावेत

उभ्या गाडीत व्यवस्थित बसलेला टायर गाडी चालू लागली की घासतो. रुंद टायर बसवताना होणाऱ्या बहुतेक फसगतींचे कारण एवढेच असते. चाक आपल्या कमानीत, म्हणजे त्याच्यावरच्या मडगार्डच्या पोकळीत, स्थिर नसते: खड्ड्यात ते वर चढते, वळणावर गाडी कलली की मडगार्डची कड त्याच्यावर उतरते, स्टिअरिंग पूर्ण वळवले की टायरची पुढची किंवा मागची कड कमानीतल्या प्लास्टिकच्या अस्तराकडे, म्हणजे लायनरकडे, शिरते, आणि जोरात ब्रेक लावल्यावर खालच्या आर्मचे (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश दबून अख्खे चाक थोडेसे मागे सरकते. त्यामुळे मोजमाप घ्यायचे ते या सर्व स्थितींचे, आणि तेही टायर विकत घेण्याआधी.

आधी सध्याच्या टायरवरचे आकडे वाचा

समजा, टायरवर १९५/५५ आर १५ असे लिहिले आहे. १९५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ५५ म्हणजे त्या रुंदीच्या ५५ टक्के उंचीची बाजूची भिंत, आणि १५ म्हणजे रिमचा इंचातला व्यास. यावरून टायरचा पूर्ण व्यास ५९५.५ मिमी येतो. त्याजागी २०५/५० आर १५ घेतल्यास व्यास ५८६ मिमी होतो, म्हणजे सुमारे १.६ टक्के कमी. स्पीडोमीटर थोडा जास्त वेग दाखवेल, पण कमानीत वरच्या बाजूला जागा वाढेल. याउलट २०५/५५ आर १५ निवडल्यास व्यास ६०६.५ मिमी होतो, टायरचा माथा साडेपाच मिमी वर जातो आणि गाडी काट्यावरच्या आकड्यापेक्षा प्रत्यक्षात थोडी जास्त वेगाने धावते. व्यासातला फरक ३ टक्क्यांच्या आत ठेवावा, आणि शक्यतो कमी होण्याच्या बाजूनेच ठेवावा. भार निर्देशांक (टायर पेलू शकणाऱ्या वजनाचा आकडा) आणि वेगाचे अक्षर (त्याच्या कमाल वेगाची खूण) मात्र कंपनीने ठरवून दिलेल्यापेक्षा खालचे घेऊ नये.

रिमची रुंदी आणि ऑफसेट बहुधा रिमच्या मागच्या अंगाला कोरलेले असतात. रिमची मध्यरेषा आणि हबला (चाक ज्यावर बसते त्या फिरत्या भागाला) टेकणारा रिमचा पृष्ठभाग यांमधले अंतर म्हणजे ऑफसेट. हा आकडा जितका मोठा, तितके चाक आत जाते. जितका लहान, तितके बाहेर येते.

आता वही-पेन्सिल घेऊन हिशेब

मूळ रिम ६जे, ईटी ४५ (म्हणजे ६ इंच रुंद, ऑफसेट ४५ मिमी) आहे आणि नवा ७जे, ईटी ४० घ्यायचा आहे असे धरू. एक इंच म्हणजे २५.४ मिमी, त्यामुळे मध्यरेषेपासून रिमच्या कडेपर्यंतचे अंतर ७६.२ वरून ८८.९ मिमी होते. आतल्या बाजूसाठी या आकड्यात ऑफसेट मिळवायचा आणि बाहेरच्या बाजूसाठी तो वजा करायचा. आतले अंतर १२१.२ वरून १२८.९ होते, बाहेरचे ३१.२ वरून ४८.९. म्हणजे रिमची कड आत ७.७ मिमी आणि बाहेर १७.७ मिमी सरकली.

घासतो तो मात्र रिम नव्हे, टायर. आणि टायरवर छापलेली रुंदी ही त्याची खरी फुगीर रुंदी नसते. १९५/५५ आर १५ हा टायर ६ इंची रिमवर साधारण २०१ मिमी भरतो, तर २०५/५० आर १५ साडेसहा इंची रिमवर साधारण २१४ मिमी. रिम अर्ध्या इंचाने रुंद झाला की टायर आणखी सुमारे ५ मिमी पसरतो, म्हणून ७ इंची रिमवर २१९ मिमी धरावेत. या आकड्यांच्या निम्म्यावर वरचाच हिशेब केला, तर टायरची भिंत स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या उभ्या जोडणीच्या) दिशेने ४ मिमी आणि मडगार्डच्या दिशेने १४ मिमी सरकल्याचे दिसते. टायरवर वाढ दिसते ती १० मिमीची, प्रत्यक्षात ती १८ मिमीची निघते आणि तिचा मोठा भाग बाहेरच्या बाजूला पडतो. त्यामुळे उत्पादकाच्या तक्त्यातली प्रत्यक्ष रुंदी पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत. एकाच मापाचे दोन कंपन्यांचे टायर खांद्यापाशी (भिंत आणि रस्त्याला टेकणारा भाग जिथे भेटतात तिथे) वेगवेगळे चौकोनी असतात.

मग गाडीवर मोजमाप

गाडी सपाट जागी, चाके सरळ ठेवून उभी करावी. मडगार्डच्या कडेवरून ओळंबा सोडावा आणि दोरी व टायरच्या फुगवट्यातले आडवे अंतर घ्यावे. आतल्या बाजूला टायर आणि स्ट्रट यांमधली सर्वांत अरुंद फट शोधावी. या दोन आकड्यांतून वर काढलेली वाढ वजा केली की काय उरते ते कळते. आत ५ मिमी उरले तरी चालते, कारण पुढच्या स्ट्रटवर चाक स्ट्रटसकटच हलते. बाहेर मात्र चाक पूर्ण वर चढलेले असताना ८ ते १० मिमी हवेत. काही गाड्यांत स्प्रिंगची बशी टायरच्या माथ्यावर येते. तिथे रुंदीपेक्षा व्यास आधी अडचण करतो.

चाक पूर्ण वर चढवून पाहण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे स्प्रिंग काढून खालचा आर्म बंप स्टॉपपर्यंत (चाकाला आणखी वर जाऊ न देणाऱ्या रबरी ठोकळ्यापर्यंत) जॅकने उचलणे आणि त्या स्थितीत स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवणे. हे काम गाडी जॅक स्टँडवर टेकवून, आणि स्प्रिंग दाबण्याचे अवजार असलेल्या कारागिराकडूनच करून घ्यावे; दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीवघेणी इजा होते. ते शक्य नसेल तर कमानीच्या कडेला आतून मऊ मातीचे छोटे गोळे चिकटवून, चारही माणसे बसवून, मूळ टायरवरच गाडी उंचसखल रस्त्यावरून सावकाश न्यावी. गोळा किती चेपला यावरून चाक कडेच्या किती जवळ येते ते दिसते.

जागा कमी पडली तर

पहिला उपाय म्हणजे वेगळ्या ऑफसेटचा रिम, आणि बहुतेक वेळा तो पुरतो. तरीही बाहेर थोडे कमी पडत असेल तर कँबर, म्हणजे चाकाचा माथा आत झुकण्याचा कोन, वाढवता येतो: साधारण ६०० मिमी व्यासाच्या चाकाचा माथा प्रत्येक अंशामागे सुमारे ५ मिमी आत जातो. हा बदल स्ट्रटच्या खालच्या बोल्टवर केला तर चाक स्ट्रटकडे झुकते आणि आतली फट कमी होते. वरच्या माउंटवर केला तर स्ट्रट चाकाबरोबरच कलतो आणि ती फट तशीच राहते. दीड अंशाच्या पुढे रोजच्या गाडीत जाऊ नये, टायर आतून झिजतो.

मडगार्डची आतली कड उष्णता देत हळूहळू मुडपता येते. थंड पत्रा मुडपला तर रंग तडकतो आणि त्या तड्यातून गंज शिरतो. मागच्या कमानीची कड कापू मात्र नये, कारण तिथे आतला व बाहेरचा पत्रा एकत्र जोडलेला असतो. बंपर आणि मडगार्ड जिथे भेटतात तिथला स्क्रू जरूर पाहावा. पूर्ण वळणावर टायरचा खांदा कापणारा बहुधा तोच असतो, आणि त्याचे डोके चपटे केले की काम भागते.

गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंग याच वेळी बसवण्याचा मोह टाळावा. स्पेसर (हब आणि रिम यांमध्ये बसवायची चकती) वापरायचाच असेल तर तो हबवर घट्ट बसणारा असावा, आणि नट स्टडवर (चाक धरणाऱ्या आटेदार दांडीवर) निदान स्टडच्या व्यासाइतका, म्हणजे १२ मिमीच्या स्टडवर १२ मिमी, चढला पाहिजे. ऑफसेट फार कमी केला तर पुढच्या चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत जोरात वेग घेताना स्टिअरिंग हातात ओढू लागते. हलक्या गाडीला एक माप रुंद टायर पुरतो; त्यापुढे वजन वाढते, पाण्यावर घसरण लवकर होते आणि टायर नीट तापतही नाही.

बसवणे आणि तपासणी

टायर चढवण्याआधी रिकामा रिम हबवर लावून हाताने फिरवावा आणि तो ब्रेकच्या कॅलिपरला लागत नाही ना ते पाहावे. नट चांदणीच्या क्रमाने (एकामागून त्याच्या समोरचा), गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कने (आवळण्याच्या जोराने) आवळावेत आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत. अलाइनमेंट लगेच करून घ्यावे.

टायरच्या खांद्यावर खडूने पट्टा ओढून गाडी भरल्या वजनाने चालवावी: आधी मोकळ्या जागेत दोन्ही बाजूंना पूर्ण वळण, मग गतिरोधक, मग वळणावर खड्डा. खडू पुसला गेला असेल तिथे कमानीत हात घालून पाहावे. प्लास्टिकच्या लायनरवर फक्त पूर्ण वळणावर उमटलेला पुसट चकचकीत डाग खपवून घेता येतो, किंवा लायनर गरम करून तिथे आत दाबता येतो. पत्र्यावर, स्ट्रटवर किंवा ब्रेकच्या पाइपवर रबराची काळी भुकटी दिसली तर चाक उतरवून मूळचे चाक परत चढवावे आणि ऑफसेटच्या हिशेबापासून पुन्हा सुरुवात करावी.