अतिदक्षता विभागात लक्षणांमागचे कारण कसे शोधावे

अतिदक्षता विभागात रुग्णाजवळ सर्वाधिक वेळ परिचारिका असते. श्वासाचा वेग थोडा वाढणे, लघवी कमी होणे किंवा रुग्ण नेहमीपेक्षा गप्प होणे हे बदल बहुधा तिलाच आधी दिसतात. आजाराचे अंतिम निदान डॉक्टर करतात. परंतु दिसणारे लक्षण खरे आहे की उपकरणाचा दोष आहे हे ठरवणे, जीवघेण्या शक्यता आधी तपासणे आणि नेमकी माहिती वेळेत पोहोचवणे ही परिचारिकेची जबाबदारी आहे. पुढील विवेचन या विभागात नव्याने रुजू झालेल्यांसाठी आहे. आपल्या रुग्णालयाच्या लेखी कार्यपद्धती जेथे वेगळ्या असतील, तेथे त्याच पाळाव्यात.

कोणताही आकडा बदलला की रुग्णाकडे पाहत तीन प्रश्न विचारावेत. रुग्णाच्या जिवाला या क्षणी धोका आहे का? मॉनिटर दाखवतो आहे ते खरे आहे का? आणि गेल्या तासाभरात काय बदलले? यांपैकी तिसऱ्या प्रश्नाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते, आणि उत्तर अनेकदा तेथेच सापडते. रुग्णाला कुशीवर वळवले, रक्तदाब वाढवणाऱ्या औषधाची सिरिंज बदलली, गुंगीच्या औषधाचा वेग वाढवला, डायलिसिस सुरू केले किंवा रक्ताची पिशवी लावली, यांतील प्रत्येक गोष्ट पुढच्या काही मिनिटांत एखादे लक्षण निर्माण करू शकते.

सॅच्युरेशन (रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण) घसरल्यास

आधी रुग्णाचा श्वास, ओठांचा रंग आणि शुद्ध पाहावी. रुग्ण अस्वस्थ दिसत असेल तर ऑक्सिजन तत्काळ वाढवावा आणि प्रोबची (बोटाला लावलेल्या मोजणीच्या चिमट्याची) तपासणी त्यानंतर करावी. रुग्ण शांत असून आकडाच कमी दिसत असेल, तर मॉनिटरवरील नाडीची लहर स्वच्छ आहे का आणि प्रोबने मोजलेला नाडीचा वेग ईसीजीवरील वेगाशी जुळतो का, हे पाहावे. बोटे थंड असणे, नखांना रंग असणे, हात हलणे किंवा त्याच हाताला रक्तदाबाचा कफ बांधलेला असणे यांमुळे आकडा चुकतो. उलट दिशेची चूक अधिक धोकादायक असते: धुरात सापडलेल्या रुग्णाच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइड असेल, तर सॅच्युरेशन उत्तम दिसत असतानाही पेशींना पुरेसा ऑक्सिजन मिळत नसतो.

व्हेंटिलेटरवरील रुग्णाचे सॅच्युरेशन अचानक घसरले तर चार शक्यता क्रमाने तपासाव्यात: श्वासनलिकेत घातलेली ट्यूब सरकली आहे, ट्यूब अडली आहे, छातीच्या पोकळीत हवा साचली आहे (न्यूमोथोरॅक्स), किंवा यंत्रात वा नळ्यांत बिघाड आहे. दातांजवळची ट्यूबवरील खूण नोंदीशी ताडून पाहावी. कॅप्नोग्राफची (उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या यंत्राची) लहर नाहीशी झाली असेल, तर दुसरे काही सिद्ध होईपर्यंत ट्यूब श्वासनलिकेबाहेर आली आहे असेच समजून मदत बोलवावी. सक्शन कॅथेटर सहज आत जात नसेल तर ट्यूब स्रावाने अडली आहे, वाकली आहे किंवा रुग्ण ती चावतो आहे. गोंधळ वाटल्यास व्हेंटिलेटर बाजूला करून 100 टक्के ऑक्सिजनसह हाताने बॅग दाबून श्वास द्यावा. बॅग सहज दाबली जाऊन रुग्ण सुधारला तर दोष यंत्राकडे आहे, आणि बॅग घट्ट लागली तर दोष ट्यूबमध्ये किंवा फुप्फुसात आहे. ज्याचा पीप (उच्छ्वासाच्या शेवटी फुप्फुसात राखलेला दाब) जास्त ठेवलेला आहे अशा रुग्णात मात्र नळी सोडल्याने फुप्फुसे मिटू शकतात, म्हणून बॅगला पीप व्हॉल्व्ह असावा.

दाबाचे आकडे येथे फार उपयोगी पडतात. पीक प्रेशर (हवा आत जाताना होणारा सर्वाधिक दाब) वाढले पण प्लॅटो प्रेशर (हवा क्षणभर रोखल्यावरचा दाब) पूर्वीइतकेच राहिले, तर अडथळा हवेच्या मार्गात आहे, म्हणजे स्राव, वाकलेली नळी किंवा श्वासनलिकांचे आकुंचन. दोन्ही वाढली तर फुप्फुस किंवा छाती ताठर झाली आहे: फुप्फुसात पाणी, न्यूमोनिया, न्यूमोथोरॅक्स, किंवा ट्यूब उजव्या श्वासनलिकेत खोल गेलेली असणे. एका बाजूचा श्वासध्वनी नाहीसा होऊन रक्तदाबही कोसळत असेल, तर तो टेन्शन न्यूमोथोरॅक्स (साचलेल्या हवेने हृदय व फुप्फुस दाबले जाणे) असू शकतो आणि त्यासाठी एक्स-रेची वाट पाहण्याइतका वेळ नसतो.

दीर्घकालीन सीओपीडी (श्वासमार्ग अरुंद करणारा फुप्फुसाचा आजार) असलेल्या आणि कार्बन डायऑक्साइड साचण्याचा धोका असलेल्या रुग्णात लक्ष्य साधारण 88 ते 92 टक्के असते. असा रुग्ण जास्त ऑक्सिजनवर गुंगू लागला तर सॅच्युरेशन चांगले आहे म्हणून निश्चिंत राहू नये; रक्तवायूंची तपासणी सुचवावी. श्वासाचा वेग मात्र मॉनिटरवर न विसंबता पूर्ण एक मिनिट स्वतः मोजावा. सॅच्युरेशन चांगले असूनही श्वास खोल आणि वेगवान असेल, तर कारण बहुधा फुप्फुसाबाहेर असते: मधुमेहातील कीटोअॅसिडोसिस, मूत्रपिंडाचे अपयश किंवा सेप्सिस (संसर्गामुळे अवयव बिघडणे) यांत रक्तातील आम्लता वाढते आणि शरीर ती श्वासावाटे भरून काढू पाहते.

रक्तदाब कमी झाल्यास

आर्टेरियल लाइन (धमनीत घातलेली रक्तदाब मोजणारी नळी) असेल तर प्रथम ट्रान्सड्यूसरची (दाब मोजणाऱ्या भागाची) उंची पाहावी. तो चौथ्या बरगडीअंतराच्या रेषेत, काखेच्या मध्यरेषेवर म्हणजे हृदयाच्या पातळीवर हवा. तो 10 सेंटिमीटर वर राहिला तर रक्तदाब सुमारे 7.5 मिलिमीटरने कमी दिसतो, आणि खाली राहिला तर तितकाच जास्त दिसतो. पलंग वरखाली केल्यावर हे हमखास घडते. लहर सपाट झाली असेल तर नळीतील बुडबुडा, गुठळी किंवा मनगटाचा वाक शोधावा आणि कफने पुन्हा मोजावे. सरासरी रक्तदाब काढण्यासाठी वरच्या आकड्यात खालच्याची दुप्पट मिळवून 3 ने भागावे. 90/45 असेल तर तो 60 येतो, आणि शॉकमध्ये (अवयवांना रक्तपुरवठा अपुरा पडतो तेव्हा) सामान्यतः 65 हे किमान लक्ष्य मानतात.

रक्तदाब खरोखरच कमी असेल तर रुग्णाचे हातपाय हाताने तपासावेत. बोटाचे टोक दाबून सोडल्यावर रंग परतायला 3 सेकंदांहून जास्त लागत असतील आणि त्वचा थंड व घामट असेल, तर हृदयातून बाहेर पडणारे रक्त कमी झाले आहे. मग मानेच्या शिरा पाहाव्यात. त्या रिकाम्या असतील तर रक्तस्राव किंवा द्रवाची कमतरता. भरलेल्या असतील तर हृदयाची पंपशक्ती घटणे, टॅम्पोनाड (हृदयाभोवती रक्त किंवा द्रव साचून ते दाबले जाणे), न्यूमोथोरॅक्स किंवा फुप्फुसाच्या धमनीत अडकलेली मोठी गुठळी. हातपाय उबदार असून खालचा दाब फार घसरलेला असेल, तर रक्तवाहिन्या सैलावल्या आहेत, जसे सेप्सिस किंवा तीव्र अॅलर्जीत होते. सेप्टिक शॉकही उशिरा थंड पडू शकतो, म्हणून केवळ या खुणांवरून निर्णय देऊ नये.

दोन प्रसंग विशेष ध्यानात ठेवावेत. रक्तस्रावात नाडी आधी वाढते, रक्तदाब उशिरा पडतो आणि हिमोग्लोबिन सुरुवातीला जवळजवळ पूर्वीसारखेच दिसू शकते. हृदयशस्त्रक्रियेनंतर छातीच्या ड्रेनमधून (साचलेले रक्त बाहेर काढणाऱ्या नळीतून) वाहणारे रक्त एकाएकी थांबले, सीव्हीपी (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतील दाब) वाढू लागले आणि रक्तदाब घसरू लागला, तर रक्तस्राव थांबला असे समजू नये. ड्रेन अडून हृदयाभोवती रक्त साचत असण्याची शक्यता आहे आणि सर्जनला त्याच क्षणी बोलवावे.

नाडी आणि लघवी

वाढलेली नाडी हे बहुधा दुसऱ्या कशाचे तरी चिन्ह असते: वेदना, ताप, रक्तस्राव, ऑक्सिजनची कमतरता किंवा तुंबलेले मूत्राशय. बीटा ब्लॉकर (नाडी मंदावणारी औषधे) घेणाऱ्या रुग्णात ती वाढेलच असे नाही. ऑक्सिजन कमी असताना नाडी मंदावू लागली तर हृदय थांबण्याची ती पूर्वसूचना समजावी. ईसीजीवर टी लहरी उंच व टोकदार आणि क्यूआरएस रुंद दिसल्यास पोटॅशियम वाढल्याची शंका घेऊन अहवाल येण्याआधीच डॉक्टरांना कळवावे.

लघवी प्रौढ रुग्णात ताशी दर किलो वजनामागे 0.5 मिलिलिटरपेक्षा कमी होऊ नये, म्हणजे 60 किलोच्या रुग्णात ताशी 30 मिलिलिटर. ती एकदम शून्य झाली तर आधी कॅथेटर अडला आहे का ते पाहावे. हळूहळू घटत गेली तर रक्तपुरवठ्याचा विचार करावा.

शुद्धीतील बदल

पहिली तपासणी ग्लुकोमीटरची. साखर प्रति डेसिलिटर 70 मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर उपचार लगेच सुरू होऊ शकतो. त्यानंतर जीसीएस (शुद्धीचे मोजमाप करणारे गुण), डोळ्यांच्या बाहुल्या आणि चारही हातापायांची ताकद पाहावी. जीसीएस 2 गुणांनी घसरला किंवा एका डोळ्याची बाहुली मोठी होऊन प्रकाशाला प्रतिसाद देईना, तर मेंदूवरील दाब वाढल्याचे समजावे. रक्तदाब चढणे, नाडी मंदावणे आणि श्वास अनियमित होणे ही त्रयी फार उशिरा दिसते. तिची वाट पाहू नये. बाहुल्या टाचणीएवढ्या आणि श्वास संथ असेल तर ओपिऑइड (मॉर्फिनसारख्या वेदनाशामक) औषधांचा हिशेब तपासावा.

रुग्ण धडपडू लागला की त्याला गुंगी देण्याची घाई होते. माझ्या मते हा या विभागातील सर्वांत महागात पडणारा उतावीळपणा आहे, कारण ऑक्सिजनची कमतरता, वेदना, कमी साखर आणि तुंबलेली लघवी ही सर्व अस्वस्थतेच्याच रूपात पुढे येतात. डिलिरियमचा (आजारपणात अचानक होणाऱ्या मानसिक गोंधळाचा) शांत प्रकार मात्र याउलट नजरेतून सुटतो: रुग्ण त्रास देत नाही, म्हणून तो बरा आहे असे वाटते. डिलिरियम ओळखण्याच्या कॅम-आयसीयू तपासणीत ठरावीक अक्षर ऐकल्यावर हात दाबण्यास सांगतात; लक्ष टिकत नसेल तर ते तेथे उघड होते.

ताप

ताप 38.3 अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचला तर सेंट्रल लाइनची (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीची) जागा, स्राव, लघवी आणि जखम तपासावी. रक्ताचे कल्चर (जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) अँटिबायोटिकपूर्वी घ्यावे, पण त्यासाठी औषध लांबवू नये. सेप्टिक शॉकमध्ये अँटिबायोटिक पहिल्या तासात जायला हवे. वृद्धांत आणि सलग डायलिसिसवरील रुग्णांत संसर्ग असूनही ताप नसू शकतो. रक्त चालू असताना ताप किंवा थंडी वाजली, तर रक्त ताबडतोब बंद करून नव्या सेटने सलाइन चालू ठेवावे आणि पिशवीची ओळख पुन्हा पडताळावी.

डॉक्टरांना कळवताना

आताची स्थिती, पार्श्वभूमी, आपला अंदाज आणि आपली अपेक्षा या क्रमाने बोलावे. "रुग्णाचा बीपी कमी आहे" एवढ्याने फोनवरच्या डॉक्टरांना काहीच ठरवता येत नाही. "सरासरी रक्तदाब अर्ध्या तासात 74 वरून 58 झाला आहे, हातपाय थंड आहेत, काल पोटाची शस्त्रक्रिया झाली, ड्रेनमध्ये तासाभरात 200 मिलिलिटर ताजे रक्त आले, मला रक्तस्राव वाटतो, आपण आत्ता येऊन पाहावे" असे सांगितले की दुसरा प्रश्न विचारण्याची गरज उरत नाही. मिळालेली सूचना परत म्हणून दाखवावी आणि वेळेसह नोंदवावी. उपचारानंतर 15 मिनिटांनी तीच निरीक्षणे पुन्हा घ्यावीत. फरक पडला नसेल तर त्याच डॉक्टरांना पुन्हा कळवावे, आणि तेवढ्यानेही हालचाल झाली नाही तर वरिष्ठांना थेट फोन करावा.