शेवट टांगणीला लावताय? या चुका टाळा

मालिकेचा भाग संपतो, पडदा काळा होतो आणि प्रेक्षक खवळतो. हे खवळणं दोन तऱ्हांचं असतं. एकात तो म्हणतो, 'अरे, आता पुढे काय होणार!' दुसऱ्यात म्हणतो, 'बनवलं राव आपल्याला.' लिहिणाऱ्याला दोन्ही सारखीच दाद वाटते, कारण चर्चा दोन्हीकडे होते. पण पहिला प्रेक्षक पुढच्या भागाला वेळेवर हजर असतो. दुसरा येतो तो हिशेब चुकता करायला, आणि बऱ्याचदा त्यानंतर येतच नाही.

पडद्यावर सगळ्यांना माहीत, फक्त प्रेक्षकाला नाही

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. 'द वॉकिंग डेड'चा सहावा सीझन ३ एप्रिल २०१६ ला संपला. खलनायक नेगननं नायकाच्या टोळीला गुडघ्यांवर बसवलंय, हातात काटेरी तार गुंडाळलेली बॅट आहे, आणि तो त्यांच्यातल्या एकावर ती चालवतो. कोणावर? ते कळत नाही, कारण कॅमेरा मार खाणाऱ्याच्या डोळ्यांतून बघतोय. उत्तर मिळालं २३ ऑक्टोबरला.

त्या जागी हजर असलेल्या प्रत्येकाला कोण मेलं ते दिसलं होतं. मारणाऱ्याला माहीत, रांगेत बसलेल्यांना माहीत. अंधारात ठेवलं ते एकट्या प्रेक्षकाला, तेही कॅमेरा मुद्दाम भलतीकडे ठेवून. त्यात आदल्याच वर्षी टोळीतला ग्लेन मेल्याचा देखावा करून काही भागांनी त्याला कचऱ्याच्या मोठ्या पेटीखालून जिवंत बाहेर काढलं होतं. एकदा असा चकवा दिल्यावर पुढच्या वेळी प्रेक्षक घाबरत नाही, तो कॅमेऱ्याचा कोन तपासतो. सातव्या सीझनचा पहिला भाग तुफान पाहिला गेला. पुढे त्याच सीझनमध्ये प्रेक्षकसंख्या घसरत गेली. अतिरेकी हिंसा हेही त्याचं एक कारण सांगितलं जातं, पण या फसवणुकीचा राग लोकांनी लपवला नव्हता.

याच्या शेजारी 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन'चा १८ जून १९९० चा भाग ठेवून बघा. अंतराळजहाजाचा कप्तान पिकार्ड शत्रूच्या ताब्यात गेलाय, नुसता कैदी म्हणून नाही, त्यांच्यातलाच एक होऊन. त्याचा सहकारी रायकर आता जहाजाचा प्रमुख आहे. समोरच्या जहाजावर आपलाच कप्तान आहे हे माहीत असूनही तो गोळीबाराचा हुकूम देतो, आणि भाग तिथेच तुटतो. इथे कोणीच काही दडवलेलं नाही. रायकरला जेवढं माहीत, तेवढंच आपल्याला. हे लिहिणारे मायकेल पिलर यांनी तर पुढे सांगितलं की तो शेवट लिहिताना यातून सुटका कशी करायची हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. (हे वाचून कोणी हुरळून जाऊ नये. पिलर कसलेले होते, आणि दुसऱ्या भागातलं उत्तर पहिल्या भागाच्या मानानं उन्नीसच आहे.)

फरक नेमका कशात, हे बुद्धिबळातल्या जुन्या पद्धतीत छान दिसतं. पूर्वी डाव एका बैठकीत संपला नाही की तहकूब व्हायचा. ज्याची पाळी असेल त्यानं आपली चाल पटावर न खेळता कागदावर लिहायची, लिफाफ्यात बंद करायची आणि पंचांच्या हवाली करायची. डाव पुन्हा सुरू होताना पंच लिफाफा फोडून ती चाल पटावर मांडायचे. मधली रात्र दोन्ही खेळाडू आपापल्या साथीदारांबरोबर पटावर डोकं खुपसून बसलेले. चाल ठरलीय, आता बदलता येणार नाही, तिचा परिणाम मात्र कोणालाच माहीत नाही. स्पास्की आणि फिशर यांच्यातल्या १९७२ च्या रिक्याविकच्या जगज्जेतेपदाच्या सामन्यात २१ वा डाव ३१ ऑगस्टला असाच तहकूब झाला. चाल बंद केली होती स्पास्कीनं. दुसऱ्या दिवशी त्यानं फोनवरूनच हार कळवली आणि फिशर जगज्जेता झाला.

तुमचा शेवट याच कसोटीवर घासून बघा. पडदा काळा होण्याआधी कोणीतरी मागे न घेता येणारी चाल केलेली आहे का? नसेल आणि नुसतं दार करकरत असेल, कोणीतरी 'तू?' म्हणत असेल, तर शेवट पुन्हा लिहा.

गोळी झाडली, पण संशयित कुठायत?

'डॅलस' मालिकेत २१ मार्च १९८० ला जे. आर. युइंगवर गोळी झाडली गेली, आणि कोणी झाडली हे कळायला २१ नोव्हेंबर उजाडला. अभिनेत्यांच्या संपामुळे चित्रीकरण लांबलं, त्यात जे. आर. साकारणाऱ्या लॅरी हॅगमनचं मानधनावरून वाजलं होतं. उत्तराचा भाग अमेरिकेत सुमारे ८ कोटी ३० लाख लोकांनी पाहिल्याचा अंदाज आहे. खुनशी मेहुणी क्रिस्टिनचं नाव फुटू नये म्हणून इतर कलाकारांनाही गोळी झाडायला लावून दृश्यं चित्रित केली होती.

या यशातून लोक भलताच धडा घेतात: नायकाला गोळी घाला, झालं काम. मुळात गोळीचा तो प्रसंग आधीपासून ठरलेलाही नव्हता. वाहिनीनं सीझनला जास्तीचे भाग मागितले तेव्हा तो सुचला. तरी तो चालला, कारण तोवरच्या भागांत जे. आर.नं बायको, भाऊ, मेहुणी, भागीदार, कोणालाच दुखवायचं बाकी ठेवलं नव्हतं. प्रत्येकाकडे कारण होतं आणि ते कारण प्रेक्षकानं स्वतः घडताना पाहिलं होतं. तुमच्या कथेत गोळीनंतर दोनच नावं डोळ्यांसमोर येत असतील, तर दुरुस्ती शेवटच्या दृश्यात नाही, चार भाग मागे जाऊन करावी लागेल.

'द सिम्पसन्स' या कार्टून मालिकेनं १९९५ मध्ये याच प्रसंगाची टर उडवत मिस्टर बर्न्सना गोळी घातली, पण टर उडवतानाही काम चोख केलं. जखमी बर्न्स एका सूर्यघड्याळावर कोसळतात आणि त्यांचे हात दोन अक्षरांवर पडतात. बहुतेकांनी ती सरळ बाजूनं वाचली. बर्न्सच्या बाजूनं वाचली की गोळी झाडणाऱ्या तान्ह्या मॅगी सिम्पसनची आद्याक्षरं निघतात. उत्तर ४ महिने सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं.

झालेलं पुसून टाकणं

याच 'डॅलस'नं पुढे स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला. १९८५ मध्ये जे. आर.चा भाऊ बॉबी युइंग मेला, कारण तो साकारणारा पॅट्रिक डफी मालिका सोडून गेला होता. १६ मे १९८६ ला बॉबीची बायको पॅम न्हाणीघराचं दार उघडते तर आत बॉबी ठणठणीत अंघोळ करतोय! सप्टेंबरमध्ये खुलासा आला, मधला अख्खा सीझन हे पॅमचं स्वप्न होतं. ज्यांनी तो सीझन मन लावून पाहिला त्यांच्या वेळेची किंमत शून्य. याच घराण्यावर बेतलेल्या 'नॉट्स लँडिंग' मालिकेत तर बॉबी मेलेलाच राहिला, म्हणजे एकाच कुटुंबाच्या एका शाखेत माणूस जिवंत आणि दुसरीत मृत.

'डायनेस्टी' मालिकेची तऱ्हा उलटी. १५ मे १९८५ ला मोल्डेव्हियाच्या लग्नमंडपात बंदूकधारी घुसले आणि सगळी पात्रं जमिनीवर आडवी. पुढचा सीझन उघडला तेव्हा मेली फक्त दोन दुय्यम पात्रं. जेवढी मोठी दहशत घालाल, तेवढी मोठी किंमत कोणीतरी मोजलीच पाहिजे.

रोज ठसका

रोज चालणाऱ्या मालिकेत दर भागाचा शेवट त्याच ढोलताशात, तीन चेहऱ्यांवर तीन-तीनदा कॅमेरा मारून केला, की प्रेक्षकाला शेवटाची वेळ घड्याळाशिवाय कळते. आठवड्यातले काही भाग शांतपणे संपू द्या. एवढंच.

पुढचा सीझन गृहीत धरणं

'आल्फ' या विनोदी मालिकेत २४ मार्च १९९० ला परग्रहावरचा आल्फ लष्कराच्या हाती सापडतो आणि पडद्यावर 'क्रमशः' येतं. मालिका तिथेच बंद झाली. त्याचं पुढे काय झालं हे सांगणारा टीव्हीपट आला १९९६ मध्ये, तोवर ती पाहणारी मुलं मिसरूड फुटलेली. मंजुरी हातात नसेल तर चालू प्रश्न मिटवा आणि नवा प्रश्न उघडा, म्हणजे मालिका गेलीच तर अर्धवट राहील ती फक्त नवी गोष्ट.

खऱ्या घटनेला मालिकेसारखं सांगणं

खऱ्या आयुष्यात कोणी लेखक नसतो, म्हणून तिथला ताण अस्सल असतो. २०१० च्या विम्बल्डनमध्ये इस्नर आणि माहू यांचा सामना दुसऱ्या दिवशी अंधार पडल्यामुळे पाचव्या सेटमध्ये ५९-५९ वर थांबला. मैदानावरचा धावफलक तर ४७-४७ लाच गोठला होता, कारण इतक्या पुढचे आकडे लागतील असं तो बनवणाऱ्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी इस्नर ७०-६८ नं जिंकला.

अशा वेळी सांगणाऱ्याच्या दोन चुका होतात. पहिली, उत्तराची घाई. ७ नोव्हेंबर २००० च्या रात्री, अध्यक्षपदाच्या निवडणुकीत, अमेरिकी वाहिन्यांनी फ्लोरिडा राज्य आधी गोर यांना दिलं, मग काढून घेतलं, मग बुश यांना दिलं, मग तेही काढून घेतलं. गोर यांनी पराभव मान्य करायला बुश यांना फोन केला आणि थोड्या वेळानं तो मागे घ्यायला पुन्हा केला. निकाल डिसेंबरात लागला, अधिकृत फरक ५३७ मतांचा.

दुसरी चूक, जगाला ठाऊक असलेला शेवट दडवून ठेवणं. चिलीतल्या खाणीत ५ ऑगस्ट २०१० ला ३३ कामगार अडकले. १७ दिवसांनी वर आलेल्या ड्रिलला एक चिठ्ठी बांधलेली होती: आम्ही ३३ जण आश्रयस्थानात सुखरूप आहोत. ही गोष्ट सांगताना 'वाचतील का?' म्हणून श्रोत्याला ताणू नका, ते वाचले हे त्याला माहीत आहे. दोन-तीन दिवसांचा शिधा १७ दिवस कसा पुरवला, इतक्या अरुंद भोकातून माणूस वर कसा काढायचा, ६९ व्या दिवसापर्यंत डोकं ठिकाणावर कसं ठेवलं, हे विचारा. खरा ताण तिथे आहे. आणि ८ मार्च २०१४ ला बेपत्ता झालेल्या एमएच ३७० सारख्या घटनेला 'पाहा पुढच्या भागात' लावणं तर शोभतच नाही. त्या विमानातल्या २३९ जणांचे नातेवाईक अजून उत्तराची वाट बघतायत.

घरच्यांना मेसेज करताना

'महत्त्वाचं बोलायचंय, संध्याकाळी सांगतो.' असा मेसेज टाकून माणूस मीटिंगला निघून जातो आणि इकडे वाचणारा दिवसभर आजारपण, नोकरी, घटस्फोट असे सगळे ट्रॅक मनात चालवून मोकळा होतो. मथळा आणि निकाल दोन्ही एकाच मेसेजमध्ये टाका: 'रिपोर्ट नॉर्मल आलेत. गाडी विकायची का, ते संध्याकाळी बोलू.'