वृद्धाश्रमाचं विश्वस्त मंडळ बदलताय? या चुका टाळा

मराठवाड्यातले बरेच वृद्धाश्रम एका माणसाच्या जिवावर चालतात. कुठं निवृत्त गुरुजी, कुठं डॉक्टर. तो थकला की फेररचनेचा विषय निघतो आणि पहिल्याच बैठकीत नव्या विश्वस्तांची नावं ठरतात. गाडं इथंच अडतं.

नावांच्या आधी दोन कागद काढा: संस्थेची घटना आणि धर्मादाय कार्यालयातला परिशिष्ट एकचा उतारा, म्हणजे विश्वस्तांची आणि मालमत्तेची अधिकृत नोंद. उताऱ्यावर हयात नसलेल्या विश्वस्तांची नावं सापडली तर नवल नाही. याचा अर्थ मागच्या निवडींचे चेंज रिपोर्ट (बदल कळवणारे अर्ज) दाखल झालेच नाहीत, किंवा दाखल होऊन पडून आहेत. मागचे लोंबकळत असतील तर आजची निवडही वादात सापडते, म्हणून जुने आधी निकाली काढा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ नुसार बदलाची माहिती ९० दिवसांत द्यायची असते. मुदत टळली असेल तर विलंब माफीचा अर्ज सोबत जोडा. नोटीस, ती पोचल्याचा पुरावा, इतिवृत्त, नव्यांची संमतीपत्रं हे सगळं जागेवर हवं. सह्या मागाहून गोळा करायची सवय पुढे महागात पडते.

उद्देशच बदलायचे असतील, उदाहरणार्थ निवासाबरोबर अंथरुणाला खिळलेल्यांची शुश्रूषा सुरू करायची असेल, तर १८६० च्या सोसायटी कायद्याखाली विशेष सभेत तीन पंचमांश मतं लागतात. महिनाभरानंतर दुसऱ्या सभेत तितक्याच मतांनी शिक्कामोर्तब करावं लागतं. एका सभेत काम उरकू नका.

आता जमीन. इथं सगळ्यात जास्त घोळ होतो. इमारत संस्थेची आणि सातबारा संस्थापकाच्या नावावर, अशी स्थिती असेल तर ते हयात असतानाच नोंदणीकृत बक्षीसपत्र आणि फेरफार करून घ्या. एकदा वारसांची नावं लागली की प्रत्येकाची मनधरणी आली. निजामकाळातल्या खिदमतमाश इनामाची, म्हणजे देवळा-दर्ग्याच्या सेवेसाठी दिलेली जमीन असेल तर दात्याने दिली एवढ्यावर ती संस्थेची होत नाही. सातबाऱ्यावरचा इतर हक्काचा रकाना वाचा, तहसीलमध्ये जुनं रेकॉर्ड बघा. शिवाय नवं मंडळ उत्साहात रस्त्याकडेची जागा मोबाइल टॉवरला देऊन बसतं. बिगरशेती जागा किंवा इमारत तीन वर्षांहून अधिक काळ भाड्याने द्यायची तर १९५० च्या अधिनियमाच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते.

मुलगा विश्वस्त आणि सून व्यवस्थापक, ही रचना माझ्या मते मोडायलाच हवी, दोघं कितीही प्रामाणिक असोत. आजोबांनी तक्रार करायची तर कुणाकडे? पण व्यवस्थापकाचे हातही बांधू नका. चेकवर सही करणारे दोघे पुण्यात राहत असतील तर एप्रिलमध्ये टँकरचं बिल कोण देणार? ठरावीक रकमेपर्यंत खर्चाचा अधिकार ठरावाने द्या, हिशेब दर महिन्याला मागा.

संस्थापकांचा मान राखायचा म्हणून त्यांना तहहयात विश्वस्त करतात. १९५० च्या अधिनियमातल्या २०२५ च्या दुरुस्तीने अशा विश्वस्तांवर एकूण संख्येच्या पाव भागाची मर्यादा आली आहे. सल्लागारपद द्या, त्याला मत नको, सहीचा अधिकार नको.

आणि राहणाऱ्यांना कुणी काही सांगतच नाही. अनामत कुणाची किती, औषधं कोणती, दिवाळीनंतर मुलं उसतोडीला गेली की फोन कुणाला लावायचा, ही यादी जुन्या व्यवस्थापकाच्या डोक्यात असते. तो जाण्याआधी ती वहीत उतरवा आणि ज्याची त्याला वाचून दाखवा.

दोन गटांनी दोन चेंज रिपोर्ट दाखल केले की बँक खातं थांबवू शकते. अशा वेळी बँकेत भांडत बसू नका. किराणा, औषधं आणि पगार यांपुरते व्यवहार चालू ठेवण्यासाठी त्याच अधिनियमाच्या कलम ४१अ खाली धर्मादाय आयुक्तांकडे निर्देश मागणारा अर्ज द्या, सोबत मागच्या महिन्यांची बिलं जोडा.