‘अनाहिता’ नावाच्या किती जणी, हे कसं शोधायचं

न्यू जर्सीतल्या भावानं मुलीसाठी ‘अनाहिता’ नाव काढलं, तेव्हा आई फोनवर म्हणाली, “अनाहूत? बिनबोलावलेली?” अर्थ खरं तर सुंदर आहे: प्राचीन इराणची जलदेवता, शब्दशः ‘निष्कलंक’. वहिनीला काळजी वेगळीच, वर्गात दुसरी निघू नये.

तर असं बघा. अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटी खात्याच्या (सरकारी पेन्शन बघणारं खातं) साइटवर बाळांच्या नावांची आकडेवारी असते. पण नुसतं नाव टाकून शोधू नका, तसं केलं तर पहिल्या हजारातलीच नावं दिसतात. देशभरातल्या नावांची झिप फाइल उतरवून घ्या. आत १८८० पासून दर वर्षाची वेगळी फाइल. ओळीत नाव, लिंग, संख्या. नाव सापडलं नाही तर लगेच शून्य धरू नका, पाचपेक्षा कमी बाळं असली की ते नाव गाळतात. इंग्लंड-वेल्सच्या यादीत ही मर्यादा तीनची.

स्पेलिंग बदललं की ओळ वेगळी. शेवटी एच लावूनही बघा. आणि ‘नाहिद’सुद्धा: तेच नाव फारसीत झिजून झालेलं, शुक्र ग्रहाचंही. एका वर्षावर जाऊ नका, दहा वर्षं शेजारी लावा.

आईनं तोवर ‘अनू’ करून टाकलंय. अनू आमच्या वाड्यातच तीन होत्या.