फ्यूजन रिअॅक्टरची स्टीलची भिंत किती झिजते, हिशोब असा लावा

गोव्यात बीएस्सी फिजिक्सला आहात आणि प्रोजेक्टला हा विषय घेतलाय, तर मशीन नाही म्हणून अडून बसू नका. टोकामॅक, म्हणजे चुंबकाने प्लाझ्मा धरून ठेवणारं फ्यूजनचं मशीन, तिकडे गांधीनगरला, पण झिजेचा हिशोब कदंब बसमध्ये बसूनसुद्धा होतो.

आधी एक क्लिअर करा, इथे भिंत वितळत नसते. प्लाझ्मातले (विद्युतभारित कणांच्या तापलेल्या वायूतले) कण येऊन आदळतात आणि स्टीलचे अणू उडवून देतात, यालाच स्पटरिंग म्हणतात. आणि चुंबक फक्त आयनसारख्या विद्युतभारित कणांना धरतो, न्यूट्रल म्हणजे भार नसलेले झालेले अणू त्याला जुमानत नाहीत, ते शेकडो इलेक्ट्रॉन व्होल्ट एनर्जी घेऊन सरळ भिंतीवर.

आता कॅरम आठवा, हलक्या स्ट्रायकरने जड सोंगटी हलत नाही. समोरासमोर टक्कर झाली तरी ड्युटेरियम (जड हायड्रोजन, फ्यूजनचं इंधन) लोखंडाला फार तर १३ टक्के एनर्जी देतो, काही स्टीलमध्ये थोडा मिसळलेल्या टंगस्टनला जेमतेम ४. वर टंगस्टनचा अणू पृष्ठभागाला ८.७ इलेक्ट्रॉन व्होल्टने चिकटलेला, लोखंडाचा ४.३ ने. म्हणून लोखंड आधी उडतं.

हिशोब सोपा: फ्लक्स (दर चौरस मीटरला सेकंदाला येणारे कण) गुणिले यील्ड (एका कणामागे उडणारे अणू), भागिले अणूंची घनता. समजा दर चौरस मीटरला सेकंदाला १० चा २०वा घात कण येतात, यील्ड ०.०१ धरा, लोखंडाची घनता घनमीटरला ८.५ गुणिले १० चा २८वा घात. वर्षभर सतत चालवलं तर साधारण ०.३७ मिलीमीटर. हा आकडा तसाच रिपोर्टात टाकू नका हां, खरी झीज याहून कमी असू शकते, कारण युरोफरसारख्या, फ्यूजन रिअॅक्टरसाठी बनवलेल्या स्टीलमध्ये टक्काभर टंगस्टन असतो, लोखंड निघून गेलं की वर तोच उरतो आणि यील्ड घसरत जातं. शिवाय उडालेले काही अणू परत भिंतीवरच बसतात. पण भिंत फार तापली की टंगस्टनचा हा फायदा टिकेलच असं नाही.

कुठल्या लॅबमध्ये सॅम्पलवर प्लाझ्मा मारायचा चान्स मिळालाच तर वजन करताना सांभाळा. त्याच फ्लक्सला आणि यील्डला एक चौरस सेंटिमीटरचा तुकडा पावणेतीन तास ठेवला तर घट होते फक्त ९० मायक्रोग्रॅमच्या आसपास. युरोफरमध्ये क्रोमियम ९ टक्केच, म्हणजे ते गंजतं, आणि आपल्याकडचा जून-जुलै तर माहीतच आहे. सिलिका जेलच्या डब्यात ठेवा, बोट लावू नका, चिमटा वापरा. प्लाझ्मात न घातलेला तसाच दुसरा तुकडा बाजूला ठेवून त्याचंही वजन घ्या, ते जेवढं वाढलं असेल तेवढं पहिल्याच्या घटीत मिळवा.